घडवंचीवरचे पाणी

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचे हंडे-घागरी ठेवण्यासाठी जी लाकडी बैठक असे, तिला घडवंची म्हणत. घरोघरी दगडी ओटे आले, पाठोपाठ नळ आले आणि हा शब्द मागे पडला. वस्तू मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाण्याविषयी एक अध्याय आहे. त्यात पाण्याचे भांडे कशावर ठेवावे याचे पाच प्रकार दिले आहेत: लाकडी फळी, तीन पायांची तिवई, मुंज गवताची चुंबळ, पाण्याची माची आणि शिंके. यातली माची म्हणजेच आपली घडवंची. त्याच अध्यायात गढूळ पाणी निवळण्याची साधने सांगितली आहेत. त्यांत निवळीची बी आहे, तसेच कापडही आहे. पाणी जमिनीवर ठेवू नये आणि गाळल्याशिवाय पिऊ नये, या दोन गोष्टी जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात कोणीतरी नीट नोंदवून ठेवल्या होत्या.

या घडवंचीचा एक प्रकार आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला असेल. लाकडाच्या उंच तिवईत एकाखाली एक तीन किंवा चार मडकी बसवलेली. सर्वांत वरच्या मडक्यात गढूळ पाणी, त्याखाली कोळसा, त्याखाली वाळू आणि तळाच्या मडक्यात स्वच्छ पाणी. शिक्षक हे चित्र फळ्यावर काढतात, मुले वहीत उतरवतात, परीक्षेत त्याला नावे देण्याचा प्रश्नही येतो. पण तिवईच्या तळाशी जमलेले ते पाणी पिण्याजोगे असते का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधायला माणसांना सुमारे शंभर वर्षे लागली, आणि त्या शोधाचा एक धागा आपल्या सोलापूर जिल्ह्यातून जातो.

सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जमीन काळी. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की पावसाळ्यातले तळ्याचे पाणी भांड्यात दोन दिवस ठेवले तरी पुरते निवळत नाही. शहराला पूर्वी आधार होता तो बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळ्याचा आणि विहिरींचा. पुढे शहराच्या उत्तरेला आदिला नदीवर मातीचे धरण बांधून एकरुखचा तलाव केला गेला. तो १८७१ मध्ये पूर्ण झाला आणि आजही हिप्परगा तलाव म्हणून लोकांना माहीत आहे. १८७७ च्या सुमारास सोलापुरात कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली, वस्ती दाटत गेली. एवढ्या माणसांचे पिणे, धुणे आणि जनावरांचे पाणी साठलेल्या, उघड्या पाण्यावर अवलंबून होते. तेव्हा निवळी उगाळणे, तुरटीचा खडा फिरवणे आणि हंड्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके बांधणे ही घराघरातली नित्याची कामे होती.

पाणी निवळशंख दिसले की ते चांगले, असा सर्वांचाच समज होता. या समजाला धक्के बसत ते आषाढी-कार्तिकीला. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकी म्हणजेच कॉलरा वारंवार उद्भवे, आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर तो गावोगाव पसरे. लाखभर माणसे काही दिवस एका लहान गावात राहणार, नदीच्या त्याच पात्रात स्नान करणार आणि तेच पाणी पिणार. इंग्रज सरकारने यात्रेकरूंना दोष दिला. वारकऱ्यांनी देवीचा कोप म्हटले. डॉक्टर लोक हवेतल्या दुर्गंधीकडे बोट दाखवत. चंद्रभागेच्या पाण्याला दोष देणारे थोडे होते, आणि ज्यांनी दिला त्यांच्याकडेही पुरावा नव्हता.

पाणी गाळण्याची तिवई या सुमारास आपल्याकडे रूढ झालेली दिसते. इंग्रजी फौजेच्या आरोग्यविषयक पुस्तकांत तिचे वर्णन येते: लाकडी चौकटीत एकाखाली एक घागरी, मधल्या घागरींत वाळू आणि लाकडी कोळसा, प्रत्येकीच्या बुडाला भोक आणि त्या भोकात कापूस किंवा गवत. घागर इथली, कुंभार इथला, सुतार इथला. वाळूतून पाणी गाळण्याची कल्पना मात्र बऱ्याच अंशी स्कॉटलंडची. तिथल्या पेझली गावात जॉन गिब नावाच्या गृहस्थाचा कापड विरंजनाचा कारखाना होता. पांढऱ्या कापडाला स्वच्छ पाणी हवे म्हणून त्याने १८०४ मध्ये रेतीचे गाळणे बांधले आणि उरलेले पाणी गावात विकले. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने लंडनमधल्या चेल्सी भागाच्या पाणीपुरवठ्यासाठी तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. कापडाच्या गावाने पाणी गाळायला शिकवले, ही गोष्ट सोलापूरकरांना विशेष वाटायला हरकत नाही.

आता तिवईच्या रचनेकडे वळूया, कारण वर्गात शिकवण्यासारखे पुष्कळ विज्ञान तिथेच आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात द्रव न्यायचा तर दोनच मार्ग असतात. एक तर दर वेळी जोर लावून उपसायचा, नाहीतर एकदाच उंचावर चढवून ठेवायचा आणि पुढचे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे. तिवईचा मार्ग दुसरा. घरातल्या बाईने एक कळशी डोक्याएवढ्या उंचीवर रिकामी केली की तिचे काम संपले. (ती कळशी विहिरीपासून तिथवर आणण्याचे कष्ट पुस्तकातल्या चित्रात दिसत नाहीत, हे जाता जाता म्हणायला हवे.) युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या बिअरच्या कारखान्यांनीही हाच मार्ग धरला होता. धान्य आणि पाणी एकदा यंत्राने सर्वांत वरच्या मजल्यावर चढवायचे. मग भिजवण्याचे भांडे, त्याखाली उकळण्याची कढई, त्याखाली आंबवण्याची पिंपे, असा रस मजल्यामजल्याने आपोआप उतरत येई. मनोऱ्यासारखा कारखाना म्हणजे एक अवाढव्य घडवंचीच.

पण आपोआप उतरणाऱ्या पाण्याला वेग किती असावा? इथे पहिली अडचण येते. भांड्याच्या बुडातल्या भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने १६४४ मध्ये सांगितला: तो वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मडक्यात २५ सेंटिमीटर पाणी असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर येतो. हे पाणी वाळूवर सोडायचे आहे. हळू चालणाऱ्या वाळूच्या गाळण्यांचा अनुभव असा, की त्यांच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला १०० ते ४०० लिटर पाणी जाऊ द्यावे, त्याहून जास्त नाही. आपण खालची मर्यादा धरू. वाळूच्या मडक्याचा आतला व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस मीटर, म्हणजे तासाला ७ लिटर, किंवा सेकंदाला साधारण २ मिलिलिटर. पाण्याची धार भोकातून बाहेर पडताना आकसते हे लक्षात घेतले, तर एवढ्यासाठी भोकाचा व्यास दीड मिलिमीटरहूनही थोडा कमी हवा.

भाजलेल्या मातीच्या मडक्याला दीड मिलिमीटरचे भोक कोण पाडणार? आणि पाडले तरी पहिल्याच काडीकचऱ्याने ते बुजणार. म्हणून भोक बोटभर पाडायचे आणि त्यात कापसाची किंवा चिंधीची वात घट्ट बसवायची, ही युक्ती निघाली. या युक्तीने नकळत प्रवाहाचा नियमच बदलतो. वातीतल्या बारीक फटींतून पाणी झिरपते तेव्हा घर्षण वरचढ ठरते, आणि प्रवाह उंचीच्या वर्गमुळाऐवजी थेट उंचीच्या प्रमाणात राहतो. मोकळ्या भोकाच्या मडक्यात पाणी निम्म्यावर आले तर धार सुमारे सात दशांश उरते; वातीच्या मडक्यात ती निम्मी होते. वर्गात दोन डबे, एक खिळा आणि घड्याळ घेऊन हा फरक मोजता येतो. वाटले तर फुलपात्र वापरावे. २०० मिलिलिटरचे फुलपात्र भरायला शंभर सेकंद लागले की तिवई योग्य गतीने चालली आहे असे समजावे.

वाळूसाठीही नियम तोच. तो शोधला आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने. दिजाँ या आपल्या गावाला पाणीपुरवठा करताना त्याने सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या नळीत वाळू भरली, वरून पाणी सोडले, आणि उंची व प्रवाह यांचे कोष्टक तयार केले. १८५६ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. जमिनीतल्या पाण्याचा सगळा अभ्यास, विहिरीला पाणी किती येईल इथपासून धरण किती पाझरेल इथपर्यंत, या नियमावर उभा आहे. दार्सीची नळी आणि आपल्या तिवईतले वाळूचे मडके यांच्या आकारात फारसा फरक नाही. मोजण्याचा नाद मात्र दार्सीला होता.

या सर्व भांड्यांची गती सर्वांत संथ भांड्याच्या गतीएवढीच राहते. वरच्या मडक्याची वात सैल झाली की खालचे वाळूचे मडके भरून वाहू लागते. घट्ट झाली की वाळू कोरडी पडते. पहिली गोष्ट लगेच दिसते, कारण स्वयंपाकघरात पाणीच पाणी होते. दुसरी कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि खरे नुकसान दुसरीनेच होते. ते का, हे समजायला पुन्हा पटकीकडे जावे लागेल.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने शेकडो माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून रोख एका सार्वजनिक पंपावर आणला. पंपापासून जवळच बिअरचा एक कारखाना होता आणि तिथल्या सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही पटकीने मेला नाही. त्यांना कामावर बिअर मिळे, शिवाय कारखान्याची स्वतःची विहीर होती, त्यामुळे ते त्या पंपाकडे फिरकत नसत. बिअर करताना रस उकळावा लागतो, हेही विसरू नये. तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. आता गाळण्याची परीक्षा घेता येऊ लागली: वरचे आणि खालचे पाणी घ्यायचे, आणि दोन्हींतले जंतू मोजायचे.

या मोजणीत पहिला बळी कोळशाचा गेला. कोळसा वास आणि रंग घालवतो हे खरे, पण तो बदलला नाही तर त्यातच जंतू वाढू लागतात. पर्सी फ्रँकलँड यांनी १८८५ च्या सुमारास लंडनमध्ये केलेल्या प्रयोगांत नवे कोळशाचे गाळणे उत्तम ठरले. काही आठवड्यांनी तेच गाळणे निकामी झालेले आढळले. वाळूची गोष्ट उलटी निघाली. नव्या, धुतलेल्या वाळूतून जंतू बरेच निसटतात आणि वापरलेल्या, वरून चिकट झालेल्या वाळूतून अगदी थोडे. वाळूच्या वरच्या थरावर शेवाळ, सूक्ष्मजीव आणि गाळ यांची बुळबुळीत साय धरते. ही साय जंतू अडवते, आणि तिच्यातले जीव त्यांना खाऊनही टाकतात. गृहिणी जी साय घाण म्हणून खरवडून टाकत असे, तीच पाणी शुद्ध करत होती.

याचा सर्वांत मोठा पुरावा १८९२ मध्ये जर्मनीत मिळाला, आणि तो फार महाग पडला. हँबुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत असे. त्याला लागूनच असलेले आल्टोना हे गाव हँबुर्गच्या खालच्या अंगाला, हँबुर्गची सगळी घाण नदीत मिसळल्यावर पाणी घेई. पण ते वाळूतून गाळून. त्या वर्षी हँबुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. आल्टोनात रोगी तुरळक होते. दोन गावांची हद्द रस्त्यारस्त्यांतून जाई आणि रोग त्या हद्दीपाशी थबके. पुढच्या हिवाळ्यात आल्टोनाचे गाळणे थंडीने गोठून बिघडले, तेव्हा तिथेही पटकी दिसली.

आता आपल्या मडक्यांच्या तिवईचा निकाल देता येतो. तत्त्व बरोबर, वाळू बरोबर, उंचीची योजनाही बरोबर. चूक बुडातल्या भोकाची. वाळूच्या मडक्यातून पाणी बुडाने बाहेर पडते, त्यामुळे वरून ओतणे थांबले की रात्रीतून वाळू निथळून कोरडी होते, आणि सायीतले जीव मरतात. दुसऱ्या दिवशी हे गाळणे फक्त गढूळपणा काढते. शिवाय वाळूचा थर मडक्यात वीतभर मावतो. शहरांच्या गाळण्यांत तो सुमारे मीटरभर असतो. म्हणजे शाळेतल्या चित्रातल्या तळाच्या मडक्यात ‘स्वच्छ पाणी’ असे लिहायला हरकत नाही, ‘शुद्ध पाणी’ लिहू नये.

ही चूक दुरुस्त करायला फार मोठे यंत्र लागले नाही. १९९० च्या सुमारास कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले डेव्हिड मान्झ यांनी घरगुती वाळूच्या गाळण्याची बाहेर येणारी नळी बुडापासून सुरू करून वर वळवली आणि तिचे तोंड वाळूच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर उंच ठेवले. एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत पाणी समपातळीत राहते, हे आपण माध्यमिक वर्गांत शिकवतोच. ओतणे थांबले तरी वाळूवर पाच सेंटिमीटर पाणी उभे राहते आणि साय जिवंत राहते. त्यातून हवाही पाझरून आत जाऊ शकते, म्हणून थर फार जाड ठेवायचा नाही. बादली, वाळू आणि हातभर नळी एवढ्यावर हा नमुना शाळेत करता येईल. त्यातले पाणी उकळल्याशिवाय मुलांना पिऊ देऊ नये. साय धरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ती नीट धरली की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

फडक्याची कथा वेगळी. पटकीचा जंतू कापडाच्या फटीपेक्षा कितीतरी लहान असतो, म्हणून फडक्याला शास्त्राने बरीच वर्षे मोडीत काढले होते. नारूच्या बाबतीत मात्र ते पहिल्यापासून अचूक होते. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरला की कृमीची पिल्ले पाण्यात सुटत, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात जात, आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षाने नारू बाहेर येई. सायक्लॉप्स कापडात अडकतो. महाराष्ट्रासह ज्या राज्यांत नारू होता तिथे १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम चालली: पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे, औषध टाकणे आणि दुहेरी फडक्याने गाळणे. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. त्यानंतर पटकीच्या बाबतीतही फडक्याला न्याय मिळाला. पटकीचे जंतू पाण्यात पुष्कळदा अशाच बारीक जलचरांना चिकटून राहतात, हे रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. बांगलादेशातल्या ६५ खेड्यांत त्यांनी जुन्या सुती साडीची चार वेळा घडी घालून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे पिंजारतात आणि फटी लहान होतात. आपल्या आज्या जुनेच लुगडे फाडत, ते काटकसरीने. गुण मात्र आपोआप साधला गेला.

जंतू अडवण्याऐवजी मारण्याचा मार्ग विसाव्या शतकात क्लोरीनने दिला. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्याला १९०८ मध्ये तो नियमित मिळू लागला. आपल्या खेड्यांत तो आला विरंजक चुन्याच्या रूपाने, ज्याला ग्रामपंचायतीत सगळे टीसीएल म्हणतात. आषाढी वारीच्या मार्गावरच्या विहिरींत आरोग्य खाते तो टाकते. पण विहिरीत पावडर एकदम टाकली की पहिल्या दिवशी पाण्याला उग्र वास आणि चौथ्या दिवशी काहीच उरत नाही. थोडे थोडे, सतत, वीज नसताना आणि माणूस न बसवता क्लोरीन कसे सोडायचे? हा पुन्हा एका भांड्यातून दुसऱ्यात द्रव नेण्याचाच प्रश्न, आणि त्याचे सुंदर उत्तर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, दिले. उत्तर मडक्यांचेच आहे.

दोन मडकी घ्यायची, एकात दुसरे बसेल अशी. बाहेरचे सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर व्यासाचे. प्रत्येकाला एक सेंटिमीटरचे भोक: आतल्याला काठाजवळ वर, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटरवर. एक किलो विरंजक चुना आणि दोन किलो जाड वाळू ओलसर करून आतल्या मडक्यात भोकाच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत भरायची, ते बाहेरच्या मडक्यात ठेवायचे, तोंड प्लॅस्टिकने बांधायचे आणि जोडी दोरीने विहिरीच्या पाण्यात मीटरभर खाली सोडायची. पाणी आत शिरते, क्लोरीन विरघळते, ते वरच्या भोकातून दोन मडक्यांमधल्या जागेत येते आणि तिथून खालच्या भोकाने विहिरीत. एकच मडके असते तर भोक बारीक ठेवावे लागले असते आणि ते चुन्याने बुजले असते. दोन मडक्यांमुळे भोके मोठी ठेवूनही वाट लांबते. साडेचार हजार लिटर पाण्याच्या, रोज चारशे लिटर उपसा असलेल्या घरगुती विहिरीला ही जोडी दोन-तीन आठवडे पुरते. तिवईत वातीने जे काम केले, ते इथे दुसऱ्या मडक्याने केले.

सोलापूर शहरात पाणी आता मुख्यतः उजनी धरणातून, शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने येते, आणि गेली कित्येक वर्षे ते नळाला काही दिवसांच्या अंतरानेच मिळत आले आहे. त्यामुळे घराघरात पिंपे, टाक्या आणि घागरी भरून ठेवाव्याच लागतात. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात असलेले क्लोरीन पिंपात दिवसागणिक कमी होत जाते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना ते मोजता येईल. ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य केंद्रात क्लोरीन तपासण्याची ओटी चाचणीची पेटी असते. ती शिक्षकांनी स्वतः हाताळावी; त्यातले रसायन अंगावर किंवा तोंडात जाता कामा नये, आणि तपासलेले पाणी ओतून द्यावे. नळाचे पाणी आले त्या दिवशीचा नमुना, दुसऱ्या दिवशीचा, तिसऱ्या दिवशीचा, असे पिवळ्या रंगाचे कोष्टक भरत जावे. झाकलेले पिंप आणि उघडे पिंप, उन्हातले आणि सावलीतले, वाटीने उपसलेले आणि तोटीने घेतलेले, अशा जोड्या केल्या तर कोष्टक अधिक बोलके होईल. घडवंचीवर उंच ठेवलेल्या, तोटी लावलेल्या पिंपात कोणाचा हात जात नाही. त्याचा रांजणाशी मुकाबला करून पाहावा.